धुळीच्या रस्त्यावर रोज गाडी चालते, एअर फिल्टर कोणता घ्यावा? कागदी की धुऊन वापरायचा कापडी?

शेतरस्ता, खडी क्रशर किंवा उसाच्या फडाकडे रोजची ये-जा असेल तर डोळे झाकून कंपनीचा कागदी फिल्टरच घ्या. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून हवा मोकळी जाते हे खरं, पण त्यातून बारीक धूळही जास्त जाते. आणि इंजिन खाते ती हीच पिठासारखी धूळ. पिस्टन रिंग आणि सिलिंडर घासले जातात, मग गाडी ऑइल प्यायला लागते. शिवाय तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसतं.

फिल्टरइतकंच महत्त्व त्याच्या कडेच्या रबराला. फिल्टर काढल्यावर डब्याच्या इंजिनकडच्या बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर फिल्टर फाटलाय, नीट बसत नाहीये किंवा पुढचा पाइप कुठेतरी चिरलाय. स्वस्तातल्या लोकल फिल्टरचं रबर कडक असतं, तिथूनच धूळ शिरते.

दर आठवड्याला हवा मारू नका, ही चूक फार जण करतात. थोडी धूळ बसलेला कागद उलट जास्त बारीक धूळ अडवतो, आणि पंक्चरवाल्याकडच्या जोरदार हवेने कागदाला न दिसणारी भोकं पडतात. मारायचीच तर कमी दाबाने, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. पाण्याने तर कधीच धुऊ नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावर नवा टाका. इंजिनच्या कामापुढे तो खर्च काहीच नाही.