कुर्डुवाडीसारख्या लहान गावात एवढं मोठं रेल्वे जंक्शन आणि वर्कशॉप कसं आलं? आजोबा तिथे ‘बार्शी लाइट’मध्ये होते, त्यांची माहिती कुठे मिळेल?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्याचं उत्तर कळलं की दुसऱ्याचा शोध सोपा होतो, म्हणून आधी गावाबद्दल.

कुर्डुवाडी वाढली ती दोन रुळांमधल्या अंतराच्या फरकामुळे. मुंबई-मद्रास मुख्य मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिमी. बार्शी लाइट रेल्वे नॅरोगेज, म्हणजे ७६२ मिमी. या ९१४ मिमीच्या फरकामुळे एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नव्हता. लातूरहून निघालेलं धान्याचं प्रत्येक पोतं, बार्शीची प्रत्येक कापसाची गाठ आणि मुंबईहून पंढरीला निघालेला प्रत्येक वारकरी कुर्डुवाडीला उतरायचा आणि दुसऱ्या गाडीत चढायचा. गावाचा रोजगार त्या चढ-उतारावर उभा राहिला.

मुख्य मार्ग टाकणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे इथवर १८५९ मध्ये आली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. मुख्य मार्गाने बार्शीला बाजूला ठेवलं, आणि बार्शी तर बालाघाटाच्या पायथ्याची मोठी बाजारपेठ. निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताचं धान्य तिथे उतरायचं आणि पुढे बैलगाड्यांनी रेल्वेपर्यंत यायचं. म्हणूनच कुर्डू गावच्या वाडीजवळच्या या स्टेशनाला रेल्वेने ‘बार्शी रोड’ नाव दिलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे शोधताना लागेल.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा जीआयपीतला इंग्रज अभियंता. बार्शीपर्यंत स्वस्तातली अरुंद रेल्वे टाकता येईल, हे त्याने १८८० च्या दशकातच मांडलं होतं. १८९५ मध्ये लंडनला कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे ३५ किमीचा मार्ग सुरू झाला. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज अशी ती वाढत गेली आणि एकूण लांबी सुमारे ३२५ किमी झाली. (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही तयार केलं.)

कॅलथ्रॉपची खरी हुशारी आराखड्यात आहे. ‘लहान गेज म्हणजे खेळण्यातली गाडी’ असं अनेकांना वाटतं, पण या गाडीने मालवाहतुकीचं गंभीर काम केलं. त्याने एकच नियम घालून घेतला: कुठल्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही. त्यामुळे दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा हलका रूळ चालला, पूल आणि भराव स्वस्तात झाले. चार आसांचा बोगी डबा घेतला तर डबा आणि माल मिळून २० टन होतात. इंजिनाला जास्त ताकद हवी तर आस वाढवायचे, म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून चालवणारी आठ चाकं जोडलेली टँक इंजिनं (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेली) आली. डब्यांच्या पोलादी सांगाड्याची मापं एकसारखी ठेवली. सुटे भाग एकसारखे असले की दुरुस्तीचा साठा कमी लागतो. हे डबे-इंजिन भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवले होते.

वर्कशॉप कुर्डुवाडीलाच का? नॅरोगेजचं इंजिन ब्रॉडगेजवरून मुंबईच्या कारखान्यात स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नाही. ते ब्रॉडगेजच्या डब्यावर चढवून न्यायचं तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात. त्यामुळे सगळी मोठी दुरुस्ती स्वतःच्या रुळांवरच व्हायला हवी, आणि विलायतेहून आलेले सुटे भाग, पोलाद, कोळसा ब्रॉडगेजने जिथे उतरतो तीच जागा सोयीची. बार्शीला वर्कशॉप केलं असतं तर प्रत्येक वस्तू दोनदा चढवावी लागली असती.

वाफेच्या इंजिनाला कामगार किती लागतात, हे आज पटकन लक्षात येत नाही. पाण्यातल्या क्षारांचा थर बॉयलरच्या नळ्यांवर बसतो. थर जाड झाला की कोळसा जास्त जळतो आणि वाफ कमी बनते, नळी तापून गळायला लागते. म्हणून ठराविक दिवसांनी आग विझवून बॉयलर थंड करायचा, झाकणं उघडून जोराच्या पाण्याने धुवायचा, पुन्हा पेटवून दाब चढवायचा. वळणांवर चाकाची कडा झिजते, ती लेथवर पुन्हा आकारात आणावी लागते. बेअरिंग तापलं की त्यातला पांढरा धातू वितळतो, तो नव्याने ओतून घासून बसवावा लागतो. म्हणजे बॉयलरवाले, फिटर, टर्नर, लोहार, ओतारी, सुतार, रंगारी, खलाशी (मदतनीस) अशी माणसं कायमची गावात हवीत. त्यांच्यासाठी क्वार्टर्स हवीत. शेतीवर जगणाऱ्या माढा तालुक्यात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला रोख पगार मिळणाऱ्यांची वस्ती अशी तयार झाली, आणि बाजार, शाळा, दवाखाना त्या पगारामागे आले. दुष्काळी पट्ट्यात याचं मोल फार मोठं होतं.

मालधक्क्यावरचं काम यापेक्षा कष्टाचं. एका बाजूला ब्रॉडगेजचा डबा, दुसऱ्या बाजूला नॅरोगेजचा. सील तपासून तोडायचं, पोती मोजत पाठीवरून पलीकडे न्यायची, दोन्हीकडच्या कारकुनांनी आकडा जुळवायचा, नवं सील लावायचं. दोन्ही डब्यांची क्षमता वेगळी, त्यामुळे एका डब्यातला माल दुसऱ्यात नेमका बसत नाही. उरलेली पोती धक्क्यावर राहतात. पोती फाटणं, भिजणं, आकडा कमी भरणं आणि नुकसान कुणाच्या हद्दीत झालं यावरून भरपाईचा वाद, हे सगळं तिथेच घडतं. आषाढी-कार्तिकीला तर माणसांचीही हीच गत. मुख्य मार्गावरच्या एका भरलेल्या गाडीतली माणसं नॅरोगेजच्या एका गाडीत मावत नाहीत, म्हणून वारीच्या दिवसांत मालडब्यांतूनही वारकरी नेले जात.

या गावाची जी गोष्ट सगळ्यात कमी सांगितली जाते, ती १९५३ ची. सरकारने १ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे विकत घेतली. त्याआधी कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली की ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारने लगेच कामावर घेतलं, पण जुन्या कंपनीने नोकरकपातीची भरपाई द्यावी, अशी युनियनची मागणी होती. ‘बार्शी लाइट रेल्वे कंपनी विरुद्ध के. एन. जोगळेकर’ हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की कपात म्हणजे चालू धंद्यातले जादा कामगार कमी करणं. धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. कामगार हरले. पण या निकालामुळे संसदेला १९५७ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५एफएफ नव्याने लिहावं लागलं आणि २५एफएफएफ घालावं लागलं. मालकी बदलली किंवा कारखाना बंद झाला तर कामगाराला भरपाई मिळण्याचा हक्क तिथून आला. ही कलमं २८ नोव्हेंबर १९५६ पासून लागू मानली गेली, म्हणजे ज्यांच्यामुळे कायदा बदलला त्या बार्शी लाइटच्या कामगारांना त्याचा काही उपयोग झाला नाही. कुर्डुवाडी स्टेशनवर याचा एक फलक असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पुढे २००० नंतरच्या दशकात पंढरपूर, लातूर आणि शेवटी मिरज हे सगळे फाटे ब्रॉडगेज झाले. जुनी लाइन धाराशिव शहराला चुकवून जायची, नवी तिथून नेली. प्रवाशांची आणि व्यापाऱ्यांची मोठी सोय झाली. कुर्डुवाडीचं चढ-उताराचं काम मात्र संपलं. वर्कशॉप राहिलं, माथेरानच्या छोट्या गाडीच्या डब्यांची कामं तिथे झाली आहेत.

आता आजोबांबद्दल. आधी त्यांच्या नोकरीचा काळ ठरवा, कारण कागद कुठे असतील ते त्यावर अवलंबून आहे. ३१ डिसेंबर १९५३ पर्यंत ते खासगी कंपनीचे नोकर होते. कंपनी लंडनची, त्यामुळे तिचे करार आणि पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरांत शोधावे लागतात. तिथे साध्या कामगाराचं नाव सापडण्याची आशा कमी. १९५४ पासून मध्य रेल्वे. पण सोलापूर विभाग १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेला आणि १९७७ मध्ये परत आला. या अकरा वर्षांतलं मुख्यालय सिकंदराबाद होतं, म्हणून मुंबईतून ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं तर शोध थांबवू नका.

घरात सेवापुस्तकाची प्रत, पगाराची चिठ्ठी, पास किंवा पेन्शनचा आदेश आहे का ते पाहा. पेन्शनचा आदेश नसेल तर घाबरू नका: रेल्वेत पेन्शन योजना नोव्हेंबर १९५७ मध्ये आली आणि अनेक जुन्या कर्मचाऱ्यांनी भविष्य निर्वाह निधीच ठेवला, त्यांना पेन्शनचा आदेश मिळालाच नाही. अशा वेळी निधीचा खाते क्रमांक शोधा.

मग माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आजोबा स्टेशनवर, गाडीवर किंवा रुळांच्या कामावर असतील तर अर्ज सोलापूर विभागाच्या कार्मिक शाखेकडे. वर्कशॉपमध्ये असतील तर वर्कशॉपच्या कार्यालयाकडे. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य अधिकाऱ्याकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात वेळ जातो. मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा जोडा, नाहीतर त्रयस्थाची वैयक्तिक माहिती म्हणून नकार येतो. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नका. नाव, वडिलांचं नाव, हुद्दा, निवृत्तीचं अंदाजे वर्ष लिहून ‘सेवापुस्तकाची प्रत आणि नसल्यास नोंदी नष्ट केल्याच्या नोंदवहीचा उतारा’ मागा. इंग्रजी कागदांत आडनावाचं स्पेलिंग दर कारकुनागणिक बदलतं, तेव्हा दोन-तीन स्पेलिंगं द्या. आणि जुन्या वेळापत्रकांत, नकाशांत, गॅझेटिअरच्या १८८४ च्या सोलापूर खंडात शोधताना ‘कुर्डुवाडी’सोबत ‘बार्शी रोड’ हे नाव आवर्जून तपासा. ‘बार्शी टाऊन’ मात्र वेगळं, ते खुद्द बार्शीचं स्टेशन.