गावाला निघायचं म्हटलं की पोटात ढवळतं

"मे महिना जवळ आला की आमच्या घरात कुरबुर सुरू होते. मुलगी दहा वर्षांची आहे. गुहागरजवळच्या आमच्या गावावर तिचा जीव आहे, आजीशी रोज फोनवर बोलते. पण गाडीने निघायचं म्हटलं की हिचं पोट दुखतं, आदल्या रात्री जेवत नाही, सकाळी गाडीत बसायच्या आधीच उमासे येतात. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. ही नाटकं असतात का? बळजबरीनं न्यावं, की जाणंच बंद करावं?"

पुण्यातल्या एका आईचा हा प्रश्न. परीक्षा संपत आल्या की याच अर्थाचे प्रश्न घेऊन बरेच पालक येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलीला आपण सई म्हणू.)

नाटक हा शब्द आधी बाजूला ठेवू या. गाडी लागणं हे पोटाचं दुखणं नाहीच. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की आपण हलतोय, वळतोय. डोळे मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर नाहीतर मोबाइलवर असतात. ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन उलटसुलट निरोपांतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त होतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो.

पण गाडी सुरूही झालेली नसताना उमासे का येतात? हे कोडं सईनंच सोडवलं. मी तिला कागदावर माणसाची आकृती काढून दिली आणि त्रास कुठून सुरू होतो तिथे खूण करायला सांगितली. पोटावर खूण होईल असं आईला वाटत होतं. सईनं नाकावर पेन्सिल टेकवली. "बाबांनी आरशाला ते संत्र्याच्या वासाचं लटकवलंय ना, ते आठवलं तरी ढवळतं." मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. एका लग्नाला जाताना कुंभार्ली घाटात ती काकूच्या नव्या साडीवर ओकली होती. तेव्हापासून चुलतभावंडं तिला 'उलटीबाई' म्हणतात. हे तिनं घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

केमोथेरपी घेणाऱ्या काही रुग्णांना पुढच्या वेळी नुसतं हॉस्पिटलचं दार दिसलं तरी मळमळतं. शरीर वास, जागा आणि त्रास यांची सांगड घालतं आणि पुढच्या वेळी आधीच सावध होतं. सईचंही तेच झालं होतं, वर लाजेचं ओझं होतं. अशा मुलाला 'काही होत नाही, बस गुपचूप' म्हटलं की भीती दुप्पट होते, कारण आता आपल्यावर कुणाचा विश्वासही नाही हे त्याला कळतं. जाणं बंद केलं तर भीती पक्की होते. म्हणून आईच्या दोन्ही पर्यायांना माझं उत्तर 'नाही' असं होतं.

बाबा जरा घुश्शातच आले होते. "आम्ही लहानपणी एसटीच्या लाल डब्यातून जायचो, आमचे असले लाड कुणी केले नाहीत." मी त्यांना विचारलं, एसटीत कुणाला लागायचं नाही का? ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मलाच लागायचं. आई लिंबू हुंगायला द्यायची. खिडकीजवळची जागा माझ्यासाठी धरायची." हे त्यांनी सईसमोर सांगितलं. माझ्या मते त्या दिवसापासून खरी सुरुवात झाली.

पुढे सराव ठरवला. आधी दारात उभ्या गाडीत बसून आवडती गोष्ट ऐकायची, एवढंच. ते अत्तर काढून टाकलं. मग कात्रजच्या तलावापर्यंत. ते जमल्यावर दिवे घाटातून सासवडपर्यंत. पोट फुगवून सावकाश श्वास घ्यायचा, दुप्पट सावकाश सोडायचा, हे ती घरी आजोबांबरोबर शिकली. आणि एक शब्द तिच्या हवाली केला: 'थांबा'. तो तिनं म्हटला की बाबांनी पुढच्या सुरक्षित जागी गाडी उभी करायची, का म्हणून विचारायचं नाही. बाबांना हे सगळ्यात जड गेलं, कारण पहाटे निघून जेवायला गावात पोचायचं हा त्यांचा दरवर्षीचा पण. मी तो हट्ट सोडायला सांगितला, आणि त्याबाबत मी अडून बसले. वाटेत पाटणला थांबायचं, कोयनानगरला अंगणात पाय मोकळे करावेत तसे अर्धा तास फिरायचं, मगच घाट उतरायचा, असं ठरलं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण पाळाव्या लागतात. उपाशीपोटी निघू नये. तेलकट वडा-भजी खाऊनही नको. मऊ भात किंवा सुकी पोळी बरी. मूल मागच्या सीटवर मधोमध, पट्टा लावून, समोरचा रस्ता दिसेल असं बसवावं. पुढच्या सीटवर लहान मूल एअरबॅगमुळे धोक्यात येतं, तो मोह टाळावा. मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद. घाटात एसी बंद करून काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात. आलेपाकाच्या वडीनं काहींना बरं वाटतं. गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. ओकाऱ्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. गाडीशिवायही वरचेवर उलट्या होत असतील, डोकं ठणकत असेल, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा. गाडी लागणाऱ्या काही मुलांना अर्धशिशीही असते.

गावाकडच्या काकांशी बाबा फोनवर बोलले. 'उलटीबाई' बंद.

मे महिन्यात ते गेले. कुंभार्ली उतरून पोफळीच्या अलीकडे सईनं 'थांबा' म्हटलं, रस्त्याकडेला ओकली, चूळ भरली, झाडाखाली बसली आणि थोड्या वेळानं स्वतःच गाडीत जाऊन बसली. आईचा फोन आला, आवाज पडलेला होता: "म्हणजे उलटी झालीच हो." मी विचारलं, आदल्या रात्री जेवली का? "जेवली. आमटी-भात, दोनदा घेतला." मला तेच ऐकायचं होतं. एक उलटी ही घाटाची गोष्ट आहे, ती होईल न होईल. भीतीनं आदल्या रात्रीपासूनच न जेवणं ही तिच्या आयुष्याची गोष्ट होती.

आता दिवाळीत त्यांना अक्कलकोटला जायचंय. सोलापूरचा रस्ता सपाट आहे, सराव कशाला, असं बाबांचं म्हणणं. तरी निघण्यापूर्वी एकदा दिवे घाटातून सासवडला जाऊन या, असं मी सांगितलंय. मध्ये बरेच महिने गेले की जुनी धास्ती पुन्हा डोकं वर काढते, आणि ती तेव्हाच धरली तर लवकर जाते.