फुटलेलं ब्रेस्ट इम्प्लांट काढायला मेडिक्लेम मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१४ मध्ये स्वतःच्या इच्छेने सिलिकॉन इम्प्लांट बसवून घेतले, मागच्या महिन्यात एमआरआयमध्ये डाव्या बाजूचं फुटल्याचं दिसलं, सर्जन काढून टाका म्हणतात, आणि विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर "कॉस्मेटिक आहे, बसणार नाही" असं सांगून फोन ठेवला. पॉलिसीला चार वर्षं झालीत. आता खिशातूनच भरायचे का?

नाही, एवढ्यावर सोडू नका. मी नागपुरात रामदासपेठेतल्या एका खासगी दवाखान्यात नऊ वर्षांपासून टीपीए डेस्कवर बसते (टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था; त्यांच्याशी होणारी कागदपत्रं आमच्या डेस्कवर होतात). शिवाय माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं इम्प्लांट २०२२ मध्ये फुटलं होतं, त्यामुळे या टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्यात.

आधी जीव थोडा शांत करा. सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं तरी आतलं जेल बहुतेक वेळा लगेच अंगभर पसरत नाही. शरीराने इम्प्लांटभोवती जे आवरण तयार केलेलं असतं, त्याच्या आतच ते अडकून राहतं. म्हणून तर कित्येक बायकांना काहीच जाणवत नाही आणि तपासणीतच कळतं. (सलाइनचं असतं तर एक-दोन दिवसांत छाती उघड बसलेली दिसली असती.) म्हणजे कागदपत्रं नीट करायला तुमच्याकडे थोडे आठवडे आहेत. मात्र ताप, लाली, अचानक सूज किंवा काखेत गाठ लागली तर कागद बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता हेल्पलाइनवरच्या त्या उत्तराकडे येते. आपल्याकडच्या सगळ्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळणारं कलम एकाच शब्दांत असतं, कारण ते विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेलं आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आठव्या क्रमांकाच्या कोडखाली ते सापडेल. लोक त्याची पहिली ओळ वाचून थांबतात. पुढे लिहिलंय की अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना याला अपवाद आहे, आणि आरोग्याला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक उपचाराचा भाग असेल तरीही अपवाद आहे. अट एकच, ती गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने प्रमाणित केली पाहिजे. तुमची सगळी केस या शेवटच्या भागावर उभी आहे. २०१४ ची शस्त्रक्रिया हौसेची होती, हे खरंच आहे आणि ते कबूल करायचं. पण आजची शस्त्रक्रिया दिसण्यासाठी नाही. फुटलेली वस्तू शरीरातून बाहेर काढायची आहे.

हे कंपनीला कळणार कुठून? प्री-ऑथच्या, म्हणजे भरती होण्याआधी कंपनीची मंजुरी मागायच्या, फॉर्मवरून. ताईचं सांगते. तिला २०१२ मध्ये डाव्या बाजूचा कॅन्सर झाला, स्तन काढलं आणि त्याच जागी इम्प्लांट बसवलं. दहा वर्षांनी ते फुटलं. कॅन्सरनंतरची पुनर्रचना, म्हणजे अपवादात सरळ बसणारी केस. तरी कॅशलेस नाकारलं गेलं. कारण "प्रस्तावित उपचार" या रकान्यात "इम्प्लांट रिव्हिजन" एवढंच लिहिलं होतं, आणि तो फॉर्म मीच भरला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच होतं, मी उतरवून काढलं. कंपनीत तो फॉर्म वाचणाऱ्या माणसाला "रिव्हिजन" म्हणजे आकार बदलायला आलेली बाई दिसते. त्या रात्री ताईसमोर बसताना मला जे वाटलं ते मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच तुम्हाला इतकं लांब लिहीत आहे.

आम्ही पैसे भरून ऑपरेशन केलं. ओटीतून सिस्टरने ट्रे बाहेर आणून दाखवला. पारदर्शक पिशवीला घडीच्या जागी चीर गेलेली, आणि जेल पिवळट, ओल्या डिंकासारखं. सिस्टरने ग्लोव्हचं बोट लावलं तर तार सुटत नव्हती. तो फोटो, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, २०१२ चं डिस्चार्ज कार्ड आणि सर्जनचं नवं पत्र लावून रीइम्बर्समेंट टाकलं. दोन क्वेरी आल्या, त्यांची उत्तरं दिली, आणि पैसे मिळाले. तेव्हा एक पक्कं लक्षात ठेवा, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही. रीइम्बर्समेंटचा रस्ता उघडाच असतो.

तुमच्या सर्जनकडून पत्र घ्याल तेव्हा "इम्प्लांट काढणे आवश्यक" एवढी एक ओळ पुरत नाही. एमआरआयची तारीख आणि त्यात नेमकं काय दिसलं ते हवं. जेल आवरणाच्या आत आहे की बाहेर गेलंय, काखेतल्या ग्रंथींत काही दिसतंय का, दुखतं का, आवरण आवळून कडक झालंय का आणि असेल तर बेकर ग्रेड (ते किती कडक झालंय याची श्रेणी) किती, हे सगळं हवं. आणि न काढल्यास कोणता धोका आहे हे स्पष्ट शब्दांत हवं, कारण कलमात "थेट व तातडीचा धोका" असेच शब्द आहेत. अर्थात डॉक्टर जे खरं आहे तेवढंच लिहितील. पण आपले डॉक्टर घाईत असतात, तुम्ही विचारलं नाही तर लिहायचं राहून जातं. धंतोलीतल्या खासगी दवाखान्यातले असोत नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजमधले, समोर बसून विचारा.

एमआरआयच्या तारखेवरून आठवलं. दवाखान्यात भरती होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च साधारण ३० किंवा ६० दिवस मागेपर्यंतच धरतात. तुमचा एमआरआय मागच्या महिन्यातला आहे. पॉलिसीत किती दिवस लिहिलेत ते आजच पाहा आणि शक्य असेल तर ऑपरेशनची तारीख त्याच्या आत बसवा. बिल आणि फिल्म दोन्ही जपून ठेवा.

नवीन इम्प्लांट बसवायचा विचार असेल तर त्याचे पैसे मिळतील अशी आशा ठेवू नका. पहिली शस्त्रक्रिया कॉस्मेटिक असल्यामुळे नवीन इम्प्लांटही कॉस्मेटिकच धरलं जाईल, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. उजव्या बाजूचं न फुटलेलंही काढणार असाल तर त्यावरही वाद होईल. म्हणून दवाखान्याला आधीच सांगा की फुटलेलं काढण्याचं एस्टिमेट आणि बिल वेगळं हवं, बाकीचं वेगळं. सगळं एकाच पॅकेजमध्ये आलं की कंपनीला अख्खं पॅकेज नाकारणं सोपं जातं.

आता अवघड भाग. पॉलिसी घेताना तुम्ही २०१४ ची शस्त्रक्रिया लिहिली होती का, हे तुमच्या प्रश्नात नाही. प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत आलेली असते, ती काढून पाहा. "आधी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का" या प्रश्नापुढे "नाही" असेल, तर कंपनी कॉस्मेटिकचं कलम सोडून माहिती लपवल्याचा मुद्दा धरेल, आणि तो जास्त जड आहे. पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, सलग पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय असा मुद्दा काढता येत नाही, पण तुमची चारच झालीत. अशा वेळी भरती होण्याआधी कंपनीला लेखी कळवावं असं माझं मत आहे. त्यात धोका आहे, कंपनी अटी बदलू शकते, पॉलिसी रद्दही करू शकते. पण डिस्चार्ज कार्डावर २०१४ येणारच आहे, आणि ते खोडा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. तशा केसेस मी बुडताना पाहिल्यात. लिहिलं असेल तर फक्त वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, तपासा. आधीपासूनच्या आजारांसाठी त्याची कमाल मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये ४८ वरून ३६ महिन्यांवर आली.

नवऱ्याच्या किंवा तुमच्या नोकरीची ग्रुप पॉलिसी असेल तर तीही बघा, बऱ्याच ग्रुप पॉलिसींत हा वेटिंग पिरियड नसतो. एचआरला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. पॉलिसीची प्रत मागा आणि पुढचं थेट टीपीएशी बोला. आमच्या डेस्कवर बायका हा शब्द उच्चारायला किती संकोचतात हे मी रोज बघते. मागे रांग असते, ओळखीचं कुणी निघतं. बाजूला बोलायचंय म्हणून सांगा, कुठलाही धड डेस्क खुर्ची आत घेऊन देईल.

इम्प्लांटसोबत मिळालेलं छोटं कार्ड शोधा. त्यावर कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. काही कंपन्या फुटलेल्याच्या बदल्यात नवीन इम्प्लांट देतात, तेव्हा वॉरंटीचं विचारा. आणि ॲलर्गनच्या बायोसेल प्रकारचं खरखरीत पृष्ठभागाचं असेल तर सर्जनला मुद्दाम सांगा. एका दुर्मिळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरशी, संबंध दिसल्यामुळे ती कंपनीने जुलै २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली होती.

तरीही क्लेम नाकारला तर पत्र लेखी मागा, कोणत्या कलमाखाली नाकारला ते त्यात असलंच पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ई-मेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, पण तक्रार ऑनलाइन होते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची भरपाई तिथे मागता येते, मुदत कंपनीच्या नकारानंतर एक वर्ष. सिव्हिल लाइन्समधलं ग्राहक आयोग हा त्यानंतरचा रस्ता, तिथे वेळ जास्त जातो.

सोमवारी सर्जनला फोन करून पत्राची वेळ घ्या. आणि कंपनीचं लेखी उत्तर आलं की नाव व पॉलिसी नंबर झाकून त्यातलं कलम इथे खाली टाका, मी वाचून उत्तराचा मसुदा लिहून देते.