भिंतीवर तलवार लावायची म्हणता? आधी पॉलिश पेपर खाली ठेवा

नागपूरच्या भोसले घराण्यातल्या रघुजीराजांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने घेतली (२९ एप्रिल २०२५, ४७ लाख १५ हजार रुपये) आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली, तेव्हापासून अर्ध्या नागपूरने माळ्यावरच्या पेट्या उघडून बघितलेल्या दिसतात. या खेपेच्या पत्रांमध्ये तलवारीच तलवारी आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हाच विषय.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं मूळ घर महाल भागातलं, ते विकून आता मनीषनगरला फ्लॅटमध्ये आलो. सामान हलवताना आजोबांच्या पेटीत दोन तलवारी निघाल्या, एक वाकडी, एक सरळ. दोन्हींना गंज आहे, वाकडीच्या मुठीवर थोडी सोनेरी नक्षी दिसते. पोट्टा म्हणतो घासून चकाचक करू अन् हॉलमध्ये टीव्हीच्या वर क्रॉस करून लावू. बायको म्हणते घरात उघडं शस्त्र नको, भांडणं होतात. अन् पोलिसांचं काही लफडं तर नाही ना होणार? काय करू सांगा. (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : काका, सगळ्यात आधी मुलाच्या हातातून पॉलिश पेपर काढून घ्या, बाकीचं नंतर बोलू. जुन्या तलवारीचं जेवढं नुकसान लढायांनी केलं नसेल तेवढं चिंच, लिंबू, पितांबरी आणि ग्राइंडरने केलंय, हे मी अगदी जबाबदारीने लिहितेय. मुठीवर जी सोनेरी नक्षी दिसते ती बहुतेक कोफ्तगिरी असणार, म्हणजे लोखंडावर बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडून खरखरीत करायचं आणि त्यात सोन्याची तार ठोकून बसवायची. हे सोनं अगदी पातळ असतं, एकदा का पॉलिश पेपर फिरला की ते पेपरवर जातं आणि मुठीवर नुसत्या रेघा उरतात, मग जगातला कुठला सोनारही ते जसं होतं तसं करून देऊ शकत नाही. तिथे तेलाने रगडायचंसुद्धा नाही, कोरडा मऊ ब्रश, बस.

पात्याचं वेगळं. दुपारी खिडकीजवळ बसा, पातं जाड सुती कापडावर आडवं ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने, अगदी पात्याला चिकटून तिरपा मारा. वरून काहीच दिसत नाही, तिरप्या उजेडात सगळं दिसतं. पाण्यावर उठतात तसे बारीक तरंग दिसले तर पातं जौहरदार आहे, म्हणजे आपल्याकडच्या दक्षिणी पोलादाचं, ज्यात कार्बन साधारण दीड टक्का असतो आणि ज्यासाठी आत्ताच्या तेलंगणातलं कोनसमुद्रम एकेकाळी फार नावाजलेलं होतं. हे तरंग घासलं की गायब. मग पात्याची पाठ बघा, म्हणजे धारेच्या उलटी बाजू, मुठीच्या जवळ. रघुजीराजांच्या तलवारीवर त्यांचं नाव देवनागरीत तिथेच पाठीवर कोरलेलं आहे, आणि ते पातं मात्र युरोपातलं, सरळ, एका अंगाला धार असलेलं, ज्याला आपण फिरंग म्हणतो. तुमची सरळ तलवार फिरंगच असेल असं मी म्हणत नाहीये, पण अक्षर किंवा शिक्का गंजाखाली असूच शकतो, म्हणून घासण्याची घाई नको.

गंज दोन तऱ्हेचा. बोट फिरवलं की नारिंगी पावडर बोटाला लागते तो चालू गंज, तो काढायचा. काळपट, चॉकलेटी, गुळगुळीत असतो तो बसलेला, त्याला हात लावायचा नाही, उलट जाणकार माणूस तोच बघून खूश होतो. चालू गंजावर शिलाई मशीनचं तेल लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने हलक्या हाताने पुसा, खाचेत अडकलं असेल तर बांबूची काडी. एकदा नाही निघालं तर परत तेल. कंटाळवाणं काम आहे, पण पोट्ट्याला मोबाइल सोडून काहीतरी करायला मिळेल. खोबरेल किंवा करडीचं तेल लावू नका, खायची तेलं काही दिवसांनी चिकट होतात आणि त्यावर धूळ बसून राप चढतो. काम करताना दवाखान्यात असतात ते हातमोजे घाला, घामातलं मीठ लोखंडाला लगेच लागतं, कितीतरी जुन्या पात्यांवर बोटांचे ठसे गंजून कायमचे उमटलेले असतात.

आता टांगायचं. आपल्याकडच्या जुन्या तलवारीत पातं मुठीत स्क्रूने बसवलेलं नसतं, पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून लाखेसारखा मसाला भरून पक्की केलेली असते. शंभर-दोनशे वर्षांत हा मसाला कोरडा होऊन तडकतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात ज्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन येतं तिथे तर बोलायलाच नको. त्यामुळे तलवार मुठीला खिळा अडकवून टोक खाली अशी कधीच टांगायची नाही, एखाद्या दिवशी मूठ भिंतीवर राहील आणि पातं सोफ्यावर. आडवी ठेवायची, खालून दोन आधार, एक मुठीच्या जरा पुढे आणि दुसरा पात्याच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात, म्हणजे वजन आधारावर विसावलं पाहिजे, मुठीवर ओढ नको. हुकला सुती नाडी गुंडाळा. रबरी नळी लावायची आयडिया लोक देतात, ती नको, रबरातल्या गंधकाने चांदीचं काम काळं पडतं. आणि क्रॉस करून लावायचंच असेल तर दोन्ही पाती एकमेकांना टेकणार नाहीत एवढं अंतर ठेवा, मला विचाराल तर क्रॉस नकोच, ते हॉटेलच्या रिसेप्शनसारखं दिसतं. एकाखाली एक आडव्या लावा, दोन्ही नीट बघता येतील.

नवीन फ्लॅटच्या आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या राखाडी ब्लॉकच्या (एएसी ब्लॉक) असतात, ड्रिल लावला की पांढरट भुसा पडतो त्यावरून कळेल. त्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू धरत नाही, हार्डवेअरच्या दुकानात एएसी ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागा. टीव्हीच्या वर नको (गरम हवा वर जाते), सोफा-पलंगाच्या वर नको, दाराच्या वर नको, आणि कूलरच्या समोर तर अजिबात नको. ही गोष्ट पुण्या-मुंबईची माणसं सांगणार नाहीत कारण त्यांना आपला कूलर माहीत नाही. बाहेर उन्हाळ्यात हवा ठणठणीत कोरडी, आणि घरात खसच्या ताट्यांतून ओली हवा दिवसभर थेट तलवारीवर, म्हणजे आपल्याकडे लोखंड पावसाळ्यातही गंजतं आणि मे महिन्यातही. हवेतला ओलावा साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेला की गंज जोर धरतो. पावसाळ्याआधी आणि कूलर काढून ठेवल्यावर असं वर्षातून दोनदा तेलाचा पातळ हात फिरवला तरी भागतं.

काकूंचं म्हणणं. घरातली भांडणं तलवारीने नाही, रिमोटने होतात, पण काकू दुसऱ्या अर्थाने बरोबर आहेत. नातवंडं येत असतील, वाढदिवसाला सोसायटीतली दहा पोरं येत असतील, तर उघडी तलवार हाताच्या उंचीवर नकोच. काच लावलेली, कुलूप असलेली उथळ पेटी करून घ्या, आत प्लायवूड उघडं ठेवू नका कारण त्यातून आम्लाची वाफ निघत राहते, त्याला लॅमिनेट मारून घ्या किंवा पावडर कोटिंग केलेली लोखंडी पेटी करा, आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी. कोण पाहुणा आला की तलवार काढून सेल्फी काढायची फर्माइश होते, ती पण कुलपाने टळते.

पोलिसांचं. शस्त्र कायदा १९५९ सालचा आणि त्याचे आत्ताचे नियम २०१६ चे. या नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला हे नाव घेऊन आहेत, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची घरगुती-शेतीकामाची नसलेली हत्यारंही आहेत. कायद्याचं कलम ४ असं की केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या भागासाठी सांगेल तिथे अशी हत्यारं बाळगायला परवाना लागतो. ‘वडिलोपार्जित आहे, आपल्याला कोण विचारतं’ यावर राहू नका. शहरात आहात तर पोलीस आयुक्तालयात शस्त्र परवान्याचं काम बघतात तिथे एक अर्ज द्या, दोन्ही तलवारींचे फोटो, लांबी, कुणाकडून आल्या ते लिहा, आणि पोच घेऊन फाइलला लावा. ग्रामीणमधल्या वाचकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावं. घराबाहेर काढण्याचा नियम तर जास्तच कडक आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागला असेल तर सार्वजनिक जागी तलवार घेऊन फिरणं गुन्हा, आणि सणासुदीला असे आदेश निघत असतात. म्हणून वरातीत नवरदेवाला खरी तलवार देऊन कारच्या बोनेटवर बसवायची हौस करू नका, आणि इंस्टावर तलवार फिरवतानाचं रील तर नकोच नको.

प्रश्न : आमच्याकडे खंडेनवमीला सासऱ्यांची तलवार भिंतीवरून काढून धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो अन् दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत लावतो. दर वर्षी त्याच जागी गंज येतो. पूजा बंद करायची काय बाप्पा? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : बंद कशाला करता ताई! फक्त पाणी बंद करा. ओलं कुंकू पात्यावर दोन दिवस बसतं, त्यावर ओल्या झेंडूचा देठ टेकतो, मग गंज त्याच जागी येणारच. आदल्या दिवशी पात्याला तेलाचा हात द्या, धुण्याऐवजी कोरड्या फडक्याने पुसा, हळदकुंकू कोरडंच वाहा किंवा पात्यावर विड्याचं पान ठेवून त्या पानाला लावा. हार तलवारीच्या भोवती पाटावर ठेवा. पूजा झाली की त्याच संध्याकाळी सगळं उतरवून पुसून परत तेल, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : म्यानात घालूनच भिंतीवर लावली तर धूळ पण नाही अन् धोका पण नाही, बरोबर ना?

उत्तर : नाही. म्यान म्हणजे आत लाकूड, वर चामडं किंवा मखमल, हे सगळं ओलावा शोषून धरून ठेवतं आणि चामडं कमावताना वापरलेली रसायनं पात्याला खातात. बाहेरून सगळं छान दिसत राहतं आणि दोनेक पावसाळ्यांनी तलवार म्यानातून निघतच नाही. म्यान शेजारी वेगळं लावा. आणि अडकलेली तलवार ओढून काढताना म्यानाला मुठीत घट्ट धरू नका, जुनं म्यान धारेच्या बाजूने फाटलेलं असतं, बोटं जातील.

प्रश्न : मला इंटीरियरसाठी एक घ्यायची आहे. ऑनलाइन एक जण ‘३०० वर्षं जुनी मराठा तलवार’ १८ हजारात देतो म्हणतो, व्हिडिओत एकदम भारी दिसते. घेऊ काय? (एक वाचक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : व्हिडिओत ‘एकदम भारी’ दिसते हीच शंकेची गोष्ट आहे भाऊ. आधी सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या अजब बंगल्यात जा, १८६३ सालापासूनचं म्युझियम आहे, शस्त्रांचं दालन आहे, आणि खरी जुनी हत्यारं किती मळकी, किती साधी दिसतात ते अर्धा तास नीट बघून या. मग हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. जुनं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जातं, कारण ते घडवलेलं असतं. पत्रा कापून केलेलं नवीन पातं टोकापर्यंत एकाच जाडीचं राहतं आणि हातात पुढे जड लागतं. मुठीवर साच्याची जोडरेघ किंवा वेल्डिंगचा फुगवटा दिसला तर सोडून द्या. गंज सगळीकडे सारखा नारिंगी असेल तर तो आम्लाने आणलेला आहे, खरा गंज ठिकठिकाणी कमी-जास्त असतो. जौहरसुद्धा हल्ली आम्लाने वरवर काढून देतात. आणि ती खरोखर शंभर वर्षांवरची असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे तिचा धंदा करणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे, ते मागा, समोरचा बहुतेक तिथेच फोन ठेवतो. नुसती शोभेचीच हवी असेल तर बिलासकट नवीन घ्या आणि नवीन म्हणूनच लावा, त्यात कमीपणा काही नाही, फक्त लांबीचा नियम तिलाही लागतो.

प्रश्न : मुलगा टोरंटोला आहे, त्याला पणजोबांची तलवार तिथल्या हॉलमध्ये लावायची आहे. चेक-इन बॅगेत टाकून नेली तर चालते काय?

उत्तर : अजिबात नाही. पणजोबांची म्हणजे शंभर वर्षं सहज झाली असतील, आणि तसं असेल तर ती पुरावस्तू. पुरावस्तू देशाबाहेर फक्त केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्थाच पाठवू शकते, खासगी माणसाला ती नेताच येत नाही, भेट म्हणूनही नाही. शंभर वर्षांपेक्षा नवीन आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, त्यांचं नागपूर मंडळ इथेच आहे, तिथे विचारा. त्याशिवाय शस्त्र परवान्याचा आणि तिकडच्या कस्टमचा प्रश्न वेगळाच. तोवर दिवाळीत तो येईल तेव्हा त्याच्याकडून दोन्ही बाजूंचे, पाठीचे आणि मुठीचे नीट फोटो काढून घ्या, सोबत लांबी आणि वजन लिहा, एक प्रत त्याला द्या, एक तुमच्या कपाटात ठेवा. चोरी झाली तर तक्रार देताना हेच फोटो लागतात.