स्वयंपाकघरातलं जुनं धुराडं पाडावं की त्याचा काही उपयोग करावा?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचंच घर आठवलं. तुमचं उदगीरला आजोबांनी बांधलेलं विटांचं घर, स्वयंपाकघरात भिंतीतून दोन फूट पुढं आलेलं धुराड्याचं पोट, खाली चुलीची काळी पोकळी, आणि येता-जाता कपाळाला लागणारी कड. तुमच्या घरचे म्हणतात पाडा, मिस्त्री म्हणतो दोन घंट्याचं काम.

आमचं घर अंबाजोगाईचं. आमचा मिस्त्रीही हेच म्हणाला होता, "ताई, कशाला ठिवायलाव हे, दोन घंट्यात मोकळं करून देतो." त्याला दोन घंटे लागले असते, पुढं आम्हाला किती लागले असते कोण जाणे. गच्चीवर जे चार-पाच फूट धुराडं दिसतं ना, त्याचं सगळं वजन खालच्या पोटावर असतं. खालचं काढलं की वरचं लटकतं. आणि आपल्याकडं हे हलक्यात घेऊ नये. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी अनुभवली, त्यांना वरचं वजन खाली आल्यावर काय होतं ते सांगावं लागत नाही. पाडायचंच असेल तर वरून सुरुवात करा, एकेक थर उतरवत, आणि आधी इंजिनिअरला दाखवून. माझं मत मात्र पाडू नका असंच आहे. गच्चीवरच्या विटांचे सांधे सुटले असतील तर तेवढा वरचा भाग उतरवून दीड-दोन फुटांवर आणा, बास.

आम्ही पाडलं नाही, पण त्याहून मोठा शहाणपणा केला. खालचं तोंड प्लायवूडनं बंद केलं, गच्चीवरच्या तोंडावर शहाबादी फरशी सिमेंटनं चिकटवली, पोटाला सिमेंटचा गिलावा करून पांढरा रंग मारला. दिवाळीत घर कसं छान दिसलं! पुढच्या श्रावणात त्या पांढऱ्या भिंतीवर चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ उमटले. पुन्हा रंग मारला, पुन्हा उमटले. प्लाय फुगला, आणि पाऊस लागून राहिला की स्वयंपाकघरात ओल्या गोवऱ्या पेटवल्यासारखा वास. सासूबाई म्हणायच्या, "चूल गेली, पण धूर काही जाईना बघ."

कारण साधं आहे. वर्षानुवर्षं जळालेल्या लाकडा-गोवऱ्यांची काजळी आणि क्षार त्या विटांत मुरलेले असतात. हे क्षार पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतात. दोन्ही तोंडं बंद म्हणजे ओल आत कोंडते आणि काजळीचा रंग घेऊन गिलाव्यातून बाहेर येते. वर कितीही भारी रंग मारा, डाग येणारच. शेवटी दोन्ही तोंडं मोकळी केली, तो गिलावा विटेपर्यंत खरवडून काढला, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू दिली आणि मग चुन्याचा गिलावा केला. तेव्हापासून डाग नाही.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपण सगळे खालच्या चुलीच्या कोनाड्याचं काय करायचं याचाच विचार करतो. फळ्या मारू, देवघर करू, बरण्या ठेवू. पण कोनाडे घरात आहेतच की चार. धुराड्यातली खरी कामाची चीज म्हणजे ती नळी. जमिनीपासून थेट गच्चीपर्यंत आयती पोकळी, स्लॅबला भोक न पाडता. अशी पोकळी आज करून घ्यायची म्हटलं तर मिस्त्री पैसे घेईल ते घेईल, वर पहिल्या पावसात गळती सुरू.

आम्ही त्या नळीखालच्या कोनाड्यात इन्व्हर्टरची बॅटरी ठेवली. भारनियमन आपल्या पाचवीलाच पुजलेलं, त्यामुळं इन्व्हर्टर घरोघरी, आणि बॅटरी बहुधा जिन्याखाली नाहीतर पलंगाच्या बाजूला. ही पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो हवेपेक्षा हलका, सरळ वर जातो. मग त्याच्यासाठी धुराड्यापेक्षा चांगली वाट कोणती? दीडशे अँपिअर-अवरची (Ah) बॅटरी साठेक किलोची असते, म्हणून चुलीची माती उकरून खाली शहाबादी बसवली, पुढं जाळीचं दार केलं म्हणजे खालून हवा येते. इन्व्हर्टर मात्र बॅटरीच्या डोक्यावर नको, तिच्या वाफेनं आतलं गंजतं. तो बाजूच्या भिंतीवर लावा. सोलरच्या वायरीही आम्ही त्याच नळीतून पाइप घालून खाली आणल्या. गॅसची शेगडी आमच्याकडं समोरच्या खिडकीखाली आहे. तुमची धुराड्याला लागूनच असेल तर बॅटरीचा विचार सोडा. आणि बॅटरी ठेवली तर त्या कोनाड्यात दिवाही लावायचा नाही.

बरेच जण त्या पोकळीत गॅसची टाकी सरकवतात. ते करू नका. "वर धुराडं आहे, गळला तरी निघून जाईल" हा गैरसमज आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो वर जात नाही, त्या खड्ड्यातच साचून बसतो.

विजेवरची चिमणी बसवायची असेल तर तिचा सहा इंची पाइप नळीतून पार वरपर्यंत न्या. अर्ध्यात सोडून दिला तर फोडणीचं तेल जुन्या काजळीवर बसत राहील, आणि तेलकट काजळी पेट घेते. बॅटरी आणि हे दोन्ही एकाच नळीत नको, एकच काहीतरी निवडा.

काहीही करायच्या आधी नळी साफ करा. आम्ही लांब बांबूच्या टोकाला बोरीचा फाटा आणि गोणपाट बांधून गच्चीवरून घासलं, खालच्या तोंडाला ओली चादर लावून. सहा घमेली काजळी, पारव्याचं अख्खं घरटं, आणि कधीतरी हरवलेली पितळी पळी निघाली. पळी कुणाची यावरून सासूबाई आणि आमच्या आत्याबाईंचं अजून मिटलेलं नाही.

वरचं तोंड उघडं ठेवायचं, पण पाऊस येऊ द्यायचा नाही. चार कोपऱ्यांवर चार विटा, त्यावर चारी बाजूंनी तीन-चार इंच बाहेर येईल अशी फरशी, आणि मधल्या फटींना स्टीलची जाळी, नाहीतर पारवे महिनाभरात परत. मे महिन्यात एक गोष्ट लक्षात येईल. संध्याकाळी खिडकी उघडली की घरातली गरम हवा धुराडं मस्त ओढतं, पण भर दुपारी बाहेरची लाही घरापेक्षा तापलेली असली की कधीकधी हवा उलटी खाली येते, काजळीच्या वासासकट. उदबत्ती धरून बघा, धूर कुठं जातो ते लगेच कळतं. बॅटरी नसेल तर नळीला पत्र्याचं सरकतं झाकण करून घ्या, दुपारी बंद, संध्याकाळी उघडं. बॅटरी असेल तर झाकण नको, वास सहन करा.

राहिली कपाळाला लागणारी कड. पुष्कळ जुन्या धुराड्यांत पुढं लोंबणारा तो भाग म्हणजे धूर अडवायला नुसती बांधलेली पातळ पडदी असते, वजन त्यावर नसतं. ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा थोडा उकरून मिस्त्रीला आत लाकूड, लोखंड की वीट आहे ते बघायला लावा. नुसती पडदी असेल तर सहा-आठ इंच खुशाल कापा. आत तुळई दिसली तर हात लावू नका. तिच्याखाली ओटा नाहीतर धान्याची कोठी मांडा, म्हणजे तिथून कुणी चालणारच नाही.