समुद्री टँकसाठी डोसिंग पंप आणि आपोआप पाणी भरणारा एटीओ: एकच यंत्र घ्यावं की दोन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात तीन फुटी रीफ टँक (जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक) आहे, सम्प (टँकला जोडलेली खालची टाकी) धरून साधारण १५० लिटर पाणी. बहुतेक सॉफ्ट कोरल, दोन-तीन कडक सांगाड्याचे. शनिवार-रविवार गावी जावं लागतं. चार चॅनेलचा (चार वेगळ्या नळ्यांचा) डोसिंग पंप, म्हणजे ठरलेल्या वेळी मोजून द्रव सोडणारा पंप, घेऊन त्याच्याच एका चॅनेलवर उडालेलं पाणी भरून घेतलं तर चालेल का?

चालवू नका. एटीओ वेगळा घ्या आणि आधी तोच घ्या. डोसिंग पंपाची तुम्हाला आत्ता गरज आहे का, हे त्यानंतर ठरवू.

डोसिंग पंप घड्याळ बघून काम करतो, पाणी बघून नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी असते, वर सम्पवर पंखा लावलेला असतो. अशा वेळी तीन फुटी टँकमधून दोन-अडीच लिटर पाणी रोज सहज उडतं. जुलैत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तसंच टँकचं पाणीही फारसं उडत नाही. मे महिन्यात लावलेले अडीच लिटर जुलैत तसेच पडत राहिले आणि उडालं दीडच लिटर, तर रोज एक लिटर गोडं पाणी जास्तीचं जातं. दहा दिवसांत १५० लिटरचे १६० होतात आणि ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ) सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३३ च्या खाली येते. एटीओ मात्र पातळी उतरली तरच पाणी सोडतो, मग ऋतू कुठलाही असो.

घेण्याआधी एक आठवडा मोजमाप करा. सम्प असलेल्या टँकमध्ये वरची पातळी हलत नाही, सगळी घट रिटर्न पंपाच्या (सम्पमधून पाणी परत वर ढकलणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात दिसते. त्या कप्प्याच्या काचेवर मार्करनं रेघ मारा, रोज ठरलेल्या वेळी रेघेपर्यंत मापानं पाणी भरा आणि आकडा लिहून ठेवा. एटीओचा पातळी ओळखणारा सेन्सरही याच कप्प्यात बसवायचा.

आता निवडीबद्दल माझं ठाम मत. यंत्र चालू असताना काय करतं यापेक्षा ते अडकलं तर काय होईल, हे आधी बघा. अडकतं ते कधी ना कधी. म्हणून मी किमतीआधी पाण्याच्या डब्याचा विचार करतो. तुम्हाला १० लिटरचा डबा तीन-चार दिवस पुरेल. सेन्सर बिघडून तो सगळा आत रिकामा झाला तरी सॅलिनिटी ३३ च्या आसपास थांबेल, ती हळूहळू परत वर आणता येते. ‘सारखं भरायला नको’ म्हणून ५० लिटरचं पिंप जोडलंत, तर तोच बिघाड सॅलिनिटी २६ वर नेऊ शकतो, आणि बरंचसं पाणी फरशीवर असेल ते वेगळंच. सम्पमध्ये जागा किती रिकामी आहे तेही तपासा. रिटर्न पंप बंद पडल्यावर वरून उतरणारं पाणी आणि डब्यातलं पाणी, दोन्ही मावलं पाहिजे. गच्चीवरच्या टाकीची किंवा आरओची लाईन थेट बॉलकॉकला जोडून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. त्या पाण्याला अंत नाही.

सेन्सरचे दोन प्रकार सर्रास मिळतात. फ्लोट स्विच स्वस्त आणि साधा, पण त्याच्या दांडीवर मीठ साचतं, गोगलगाय चढून बसते आणि फ्लोट हलत नाही. ऑप्टिकल सेन्सरमध्ये हलणारा भाग नसतो. त्याचं टोक हवेत असलं की आतला प्रकाश परावर्तित होऊन मागे येतो, पाण्यात असलं की बाहेर निसटतो. मात्र शेवाळ, बुडबुडे आणि थेट पडणारा उजेड त्याला फसवतात, म्हणून महिन्यातून एकदा मऊ कापडानं पुसायचा. खरी सुरक्षितता दोन सेन्सरमध्ये आहे: एक कामाचा आणि त्याच्या वर दुसरा, फक्त पंप बंद करणारा. शिवाय पंप ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालला तर स्वतःहून थांबला पाहिजे. ट्यून्झेच्या ऑस्मोलेटर ३१५५ मध्ये ऑप्टिकल सेन्सर, वर सुरक्षेचा फ्लोट आणि वेळेची मर्यादा, तिन्ही आहेत. तो महाग आहे. स्वस्तातला घेतलात तरी या तीन गोष्टी विचारूनच घ्या.

एटीओच्या नळीचं टोक डब्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा आणि सम्पच्या पाण्यात कधीच बुडवू नका. टोक खाली असेल तर पंप थांबल्यावरही सायफननं पाणी येत राहतं, बुडालेलं असेल तर खारं पाणी उलटं डब्यात जाऊ शकतं. नळी धरायला उद्यमनगरात ॲक्रिलिकची पट्टी भोकं पाडून करून मिळेल. पितळी नोझल किंवा जोड मात्र कुठंही वापरू नका. पितळेत तांबं असतं, ते कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला विषासारखं.

पाण्याबद्दल एवढंच, की घरच्या पिण्याच्या आरओत बऱ्याचदा चव येण्यासाठी थोडं नळाचं पाणी किंवा खनिजं परत मिसळतात. टॉप-ऑफला, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या भरपाईला, ते नको. आरओच्या मेम्ब्रेनमधून (गाळणाऱ्या पडद्यातून) थेट आलेलं पाणी डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून) काढा, टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) शून्य दिसलं पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि नळ बंद पडले होते. त्यामुळे जूनपासून एक-दोन कॅन भरून, झाकण लावून बाजूला ठेवा, पण एटीओच्या डब्याला जोडू नका.

आता डोसिंग. सॉफ्ट कोरलच्या टँकला दर आठवड्याच्या पाणीबदलातून लागतात तेवढे क्षार मिळून जातात. तरी खात्री करा: पाणी न बदलता तीन-चार दिवस ठरलेल्या वेळी अल्कलिनिटी (कोरल सांगाड्यासाठी वापरतात त्या बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) मोजा. उतार रोज ०.२ डीकेएचच्या आत असेल तर पंप घेऊ नका, पैसे टेस्ट किटवर घाला. ०.५ च्या पुढे गेला की पंप उपयोगाचा.

हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, म्हणजे तुमच्या १५० लिटरला साडेचार ग्रॅम. लिटरभर आरओ पाण्यात ६० ग्रॅम विरघळवलात तर ७५ मिलिलिटरला १ डीकेएच. हाच हिशेब उलटा करून बघा: ती लिटरभर बाटली एका रात्रीत रिकामी झाली तर १३ डीकेएचची उडी, आणि त्यातून कोरल वाचत नाहीत. म्हणून बाटलीत आठवड्यापुरतंच भरा आणि द्रावण शक्यतो पातळ ठेवा.

हे पंप रोलरनं नळी दाबत दाबत द्रव पुढे ढकलतात. स्टेपर मोटरचा (नेमक्या टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरचा) घ्या, तो आवाज कमी करतो आणि माप नेमकं देतो. नळी काही महिन्यांनी सैल पडते आणि सेटिंग तेच असूनही कमी द्रव येऊ लागतो, म्हणून हेडची (रोलरच्या भागातली) नळी सुटी मिळते का हे घेतानाच विचारा. माप लावताना नळी प्रत्यक्षात जेवढी लांब आणि उंच असणार तशीच ठेवा आणि मेडिकलमधल्या सिरिंजनं तपासा. सोडा आणि (कॅल्शियम वाढवायला देत असाल तर) कॅल्शियम क्लोराईड एकाच वेळी, एकाच जागी सोडू नका, पांढरा साका होऊन दोन्ही वाया जातात. अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, आणि दोन्ही जिथं प्रवाह जोरात आहे तिथं पडू देत.

वीज जाते तेव्हाचंही बघा. वेळापत्रक यंत्राच्या आत साठलं पाहिजे, वाय-फायवर अवलंबून नको. डोसिंग पंप आणि रिटर्न पंप एकाच लाईनवर ठेवा. रिटर्न बंद आणि डोसिंग इन्व्हर्टरवर चालू, असं झालं की सगळा डोस थांबलेल्या पाण्यात एका जागी पडतो.

आठवडाभराचे पाण्याचे आणि अल्कलिनिटीचे आकडे लिहून झाले की इथंच टाका, डोस किती लावायचा ते हिशेब मांडून देतो.