सगळीकडून पाळत असताना मन शांत कसे ठेवावे?

कॅमेरे, आधार आणि मोबाइल यांमुळे खासगीपणा उरला नाही, मग निश्चिंत कसे राहावे, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, जी पाळत आपल्याला रोखता येते तिचा बंदोबस्त एकदाच नीट करावा आणि जी रोखता येत नाही तिची चिंता एकट्याने वाहू नये. रोखता येण्याजोगे पुष्कळ आहे: आधारचे बायोमेट्रिक्स (बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे यांची नोंद) आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावरून लॉक करता येतात व गरजेपुरते पुन्हा उघडता येतात, हॉटेलात किंवा भाडेव्यवहारात क्रमांकाचे शेवटचे ४ अंकच दाखवणारी मास्क्ड प्रत देता येते, आणि मोबाइलमधील अनावश्यक अ‍ॅपची लोकेशन, मायक्रोफोन व संपर्कयादीची परवानगी काढून घेता येते. ही शेवटची गोष्ट माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. शिवाय २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने ठरवले. त्यामुळे ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला’ असे कोणी विचारले, तरी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मर्यादा एवढीच की, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार केंद्र सरकार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकते. ही अडचण फोनच्या सेटिंगने सुटणारी नाही, त्यासाठी लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारणे आणि न्यायालयात लढणाऱ्या संघटनांना साथ देणे हेच मार्ग उरतात.